गाठीची वानगी

लसिकाग्रंथी म्हणजे देहाच्या वाटांवरील चौक्या. दाढ दुखली, पायाला जखम झाली की जवळची चौकी जागी होते. त्यालाच आपण अवधाण म्हणतो. बहुतेक गाठी दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. न ओसरणाऱ्या गाठीविषयी मात्र चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या थोरल्या वहिनींच्या मानेत अशी गाठ आली. दुखत नसल्याने त्यांनी ती मनावर घेतली नाही. उतरलेले वजन चातुर्मासातील उपवासांच्या खाती जमा झाले, रात्रीचा घाम उकाड्याच्या. सुईने पेशी काढून तपासल्या, तर अहवालात केवळ सूज आली. मानेच्या गाठींचे क्षय हे आपल्याकडे नेहमीचे कारण. म्हणून अंदाजानेच क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याचाही सल्ला मिळाला. परंतु सहा आठवड्यांनंतरही गाठ वाढतच होती. शल्यविशारदांनी ती संपूर्ण काढून तपासण्याचे सुचविले.

घरात कुजबुज सुरू झाली. शस्त्र लागले की रोग पसरतो, असे कोणी म्हणाले. पुतणीचे स्थळ पाहणे चालू आहे, वाच्यता नको, असेही कोणी बोलले. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मला आजाराचे नाव लपवायचे नाही, कळायला हवे आहे."

गाठ काढल्याने हा रोग पसरत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले. सुईने सुट्या पेशी मिळतात. लिम्फोमा ओळखण्यास पेशींची मांडणीही पाहावी लागते. धान्याच्या व्यापाऱ्यास हे लगेच पटले. मूठभर वानगीवरून दाणा कळतो, थप्पी कशी रचली आहे ते कळत नाही. गाठीचा एक भाग फॉर्मालिनमध्ये गेला, दुसरा क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी सलाइनमध्ये. कारण फॉर्मालिनमध्ये जंतू जगत नाहीत. विशेष रंगद्रव्यांच्या तपासणीनंतर निदान झाले: हॉजकिन लिम्फोमा. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेला हा आजार आज बहुतांश रुग्णांत पूर्ण बरा होऊ शकतो.

वहिनींचे उपचार पूर्ण झाले आहेत. पुतणीचा विवाहही ठरला. मुलाकडील मंडळींना आजाराची माहिती आधीच दिली होती.

वाचकहो, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. परंतु चार-सहा आठवडे टिकणारी, वाढणारी किंवा गळपट्टीच्या हाडावर आलेली गाठ डॉक्टरांना अवश्य दाखवावी, आणि नमुना घेण्यापूर्वी परस्पर स्टिरॉइड घेऊ नये. त्याने खूण पुसट होऊ शकते. उपवासाचे पुण्य उपवासाला असू द्यावे. घटलेल्या वजनाचा हिशेब वेगळा मांडावा.