तळघरातलं लॉगबुक

मुंबईत नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींत ज्यांनी ऐंशीच्या दशकात नोकरी केली, त्यांना तिथली गार हवा आठवते. ती हवा जिथून यायची ते तळघर मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी तिथं होतो, प्लॅन्टरूममध्ये. त्या खोलीबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

प्लॅन्टरूममध्ये सगळ्यात जास्त मान होता तो लॉगबुकाला. लाल पुठ्ठ्याचं, जाडजूड, पानापानावर तेलकट बोटांचे ठसे. पाळीवरच्या ऑपरेटरनं दर तासाला फेरी मारायची आणि आकडे लिहायचे: चिलरमधून, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीनमधून, निघणारं पाणी, परत येणारं पाणी, गच्चीवरच्या कूलिंग टॉवरकडून येणारं पाणी, सक्शन, डिस्चार्ज, मोटरचे अँपिअर. तापमान फॅरनहाइटमध्ये, दाब पीएसआयमध्ये. जाणारं पाणी ४५ आणि येणारं ५५ असलं की पाळी सुखाची. येणारं पाणी ५८ वर चढायला लागलं की समजायचं, वर माणसं घामाघूम झालीत आणि आता फोन वाजणार.

आमच्या हेडऑपरेटरना सगळे काका म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, ‘‘हे अजून महिनाभर चालेल, पण ग्रीस आजच भरा.’’ सकाळी स्टेशनवरून चालत येताना शर्ट पाठीला किती चिकटला, यावरून दुसरं चिलर किती वाजता सुरू करायचं ते त्यांचं ठरलेलं असे. दोन मशीनं त्यांनी कधी पाठोपाठ सुरू करू दिली नाहीत; मधे वेळ जाऊ द्यायचे. महिन्याचं बिल नुसत्या युनिटांवर निघत नसे. महिन्यातल्या सगळ्यात जड घटकेला किती भार खेचला, त्या मॅक्झिमम डिमांडचेही पैसे पडायचे, आणि पाच मिनिटांच्या घाईची किंमत महिनाभर मोजावी लागायची.

बाकीची इमारत माणसांत वाटलेली होती. कुठल्या मजल्यावर उशिरापर्यंत बसतात ते लिफ्टमनला ठाऊक. टाकी कधी भरते ते पंपवाल्याला. कुठली ट्यूब रोज मिचमिचते ते वायरमनला, आणि कुठल्या साहेबांना थंडी सोसत नाही ते शिपायाला. यातलं काहीच एका जागी लिहिलेलं नव्हतं. निरोप इंटरकॉमवरून यायचे, नाहीतर जिन्यातून ओरडून. पाचव्या मजल्याचा डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, उघडायचा तर हेल्परला पाचव्या मजल्यावर जावं लागे.

ही अडचण फार जुनी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. वर्ग फार गरम झाला की फार गार, हे बघायला शाळेचा शिपाई वर्गावर्गात शिरायचा आणि मग तळघरात जाऊन डॅम्पर हलवायचा. शिकवण्यात येणाऱ्या त्या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनी तळघरात खबर देणारा विजेचा थर्मोस्टॅट केला आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. इमारतीची यंत्रं एका जागेवरून चालवणाऱ्या आजच्या बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिमचं मूळ त्या शिपायाच्या खेपा वाचवण्यात आहे. आमच्याकडे मात्र त्यानंतर शंभर वर्षांनीही हेल्पर जिने चढत होता.

त्या दिवसांबद्दल बोलताना माझा आवाज हळवा होतो, तरी वीज किती वाया जायची तेही सांगायला हवं. पंप कायम पूर्ण वेगानं फिरायचा; पाणी जास्त झालं की आम्ही व्हॉल्व्ह आवळायचो, म्हणजे आधी वीज खर्चून पाणी ढकलायचं आणि मग तेच अडवायचं. पंख्यांचंही तेच. अख्ख्या मजल्याचे दिवे दोन-तीन स्विचवर. खिडकीशी लख्ख ऊन असलं तरी तिथली ट्यूब जळतच असे, आणि चाळीस वॅटची ती ट्यूब तांब्याच्या चोकसकट पन्नासच्या वर खायची. रविवारी एक अधिकारी फाइल संपवायला आला, तर त्याच्या एका टेबलासाठी सगळा मजला गार व्हायचा. काकांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या हातात होतं काय? चालू करणं आणि बंद करणं.

खरं तर मुंबईला यंत्राविना कचेरी बांधणं येत होतं. १८७४ साली पुरी झालेली जुन्या सचिवालयाची इमारत, जिथं आता सिटी सिव्हिल कोर्ट आहे, एकदा चालत बघावी. दगडी भिंतींची जाडी, उंच छत, आणि समुद्राच्या बाजूला लांबच लांब व्हरांडे, ज्यांनी दुपारचं पश्चिमेचं ऊन खोलीबाहेरच थोपवलं. नंतरच्या बंद काचेच्या मनोऱ्यांनी हे सगळं सोडून दिलं आणि तो भार तळघरातल्या मशीनवर टाकला. माझं पोट त्यावर चाललं, पण ते बरोबर झालं नाही असंच मला वाटतं.

वारं फिरलं ते २००४ च्या सुमाराला. त्या वर्षी जुलैत राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरचं उद्घाटन झालं. हरित इमारतींना दिला जाणारा लीड प्लॅटिनम हा दर्जा अमेरिकेबाहेर पहिल्यांदा या इमारतीला मिळाला होता. तिथं जाळीच्या भिंती आहेत, आणि बाहेरची हवा आधी थंड करून आत सोडणारे वाऱ्याचे मनोरे. २००७ साली केंद्र सरकारची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, इमारतींना गुण देणारी ‘गृह’ पद्धत आली. पुण्यात हडपसरला सुझलॉनची ‘वन अर्थ’ ही कचेरी उभी राहिली. ऊन अडवणाऱ्या तिच्या पट्ट्या बघताना मला ते व्हरांडेच आठवले.

अशा एका कचेरीची कंट्रोलरूम मला पुण्याजवळ हिंजवडीत बघायला मिळाली. तळघर नाही, तेल नाही, पडद्यावर सगळी इमारत. पूर्वी माणसांत वाटलेलं ज्ञान इथं एका तारेवर आलं होतं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकतील अशी बॅकनेट नावाची सामाईक भाषा १९९५ साली प्रमाण ठरली. त्याआधी चिलरचं पॅनल आणि लिफ्टचं पॅनल एकमेकांना अनोळखी असायची. आता कुणी दाराशी कार्ड टेकवलं की त्याच्या भागातले दिवे आणि हवा जागी होते. मीटिंगच्या खोलीत माणसं वाढली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, सेन्सर ते हेरतो आणि ताजी हवा तेवढीच वाढते. आग लागल्याची खबर आली तर एअर हँडलिंग युनिटं थांबतात, जिन्यात धूर शिरू नये म्हणून तिथले पंखे सुरू होतात, लिफ्ट तळाला येऊन दार उघडतात. हेल्परच्या पायांनी हे त्या वेळात कधीच झालं नसतं.

मला सगळ्यात भावला तो पंपाचा वेग. व्हीएफडी, म्हणजे वेग कमीजास्त करणारं उपकरण, लावलेली मोटर लागेल तेवढीच फिरते. वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्हॉल्व्ह आवळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा आकडा पडद्यावर उतरताना बघून काय वाटतं, ते शब्दांत सांगता येणार नाही. काकांना दाखवायला हवा होता.

पण त्याच पडद्याच्या कोपऱ्यात अलार्मची रांग लागलेली होती, आणि ती कुणी वाचत नव्हतं. तीन युनिटं ‘हँड’वर होती. कधीतरी कुणाची तक्रार आली, कुणीतरी ऑटोवरून काढून हातानं चालू केलं आणि ते तसंच राहिलं. हँडवर ठेवलेलं यंत्र रविवारीही चालतं. सगळी हुशार प्रणाली त्याच्यापुढे हतबल होते. एक सेन्सर ऊन पडणाऱ्या भिंतीवर बसवलेला, त्यामुळे तो दुपारभर खोटं बोलायचा आणि चिलर ते खरं मानायचं. पाळीवरची मुलं कंत्राटी, वर्षाकाठी बदलणारी. त्यांच्यातल्या एकानंही गच्चीवरचा कूलिंग टॉवर जवळून पाहिलेला नव्हता. याचा मला राग आला, त्या मुलांचा नव्हे. त्यांना फेरीच कुणी लावून दिलेली नाही.

आमची लॉगबुकं पुढे एका नूतनीकरणात रद्दीत गेली. ऋतूऋतूंतल्या इमारतीच्या वागण्याची ती नोंद होती. नवी प्रणाली बसवणाऱ्यांनी ती मागितली असती तर कुठलं मशीन कधी घ्यायचं याचा क्रम अंदाजानं भरावा लागला नसता.

आणखी एक गोष्ट जुनी माणसं अंगानं जाणत होती. गार किती हवं? कचेऱ्यांत आजही जून महिन्यात शाल पांघरून बसलेल्या बाया दिसतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं पाच शहरांतल्या कचेऱ्यांत हजारो प्रतिसाद गोळा करून २०१४ साली भारतासाठी सुखद तापमानाचं गणित मांडलं. बाहेरच्या ऋतूबरोबर माणसाची सुखाची पातळीही सरकते, हे त्यातून दिसलं, आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत ते आलं. उन्हाळ्यात सेटपॉइंट, म्हणजे यंत्राला नेमून दिलेलं तापमान, दोन अंश वर ठेवून डोक्यावर पंखा फिरवला तर बहुतेकांना बरंच वाटतं. जुन्या कचेरीतला तो पंखा हरित इमारतींत पुन्हा दिसू लागला आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

हिंजवडीच्या त्या मुलांना मी जुन्या कचेऱ्यांतला एक रिवाज सांगितला: शिपाई उजाडताना खिडक्या सताड उघडायचा आणि ऊन चढायच्या आत लावून घ्यायचा. मुंबईच्या दमट हवेत याचा फायदा कमी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२ अंशांपर्यंत उतरतो, तिथं भरपूर. त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, पण ताज्या हवेचे डॅम्पर आहेत. पहाटे चार ते सात ते पूर्ण उघडायचे, पंखे हळू चालवायचे, स्लॅब गार करून घ्यायची, एवढं शेड्यूल त्यांनी माझ्यासमोर टाइप केलं. त्या हिवाळ्यात त्यांचं पहिलं चिलर साडेदहाच्या आधी लागेनासं झालं. पडद्यावरचा तो आलेख त्यांनी मला फोनवर पाठवला, आणि खाली विचारलं होतं, ‘‘सर, मार्चमध्ये हे कधी बंद करायचं?’’ मी कळवलं की रात्रीचं तापमान वीसच्या वर राहायला लागलं की; आणि हवेतल्या दमटपणाचाही आकडा रोज लिहून ठेवा.