घाई आपली, घर त्यांचे

तिसऱ्या मजल्यावरचे घर चाळिशीत हवेशीर वाटते. ऐंशीनंतर तेच घर पायऱ्यांच्या संख्येने ओळखले जाते. पुण्यातील आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आमच्या दारापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. ८२ वर्षांच्या माझ्या सासूबाईंचे गुडघे झिजले, तेव्हापासून त्यांचे खाली उतरणे दवाखान्यापुरतेच उरले. देऊळ, भाजीवाली, शेजारणींचा कट्टा, सारे खिडकीतून पाहायचे. अशा घरातील माणसे तळमजल्याची जागा शोधू लागतात, तेव्हा मनात काळजी असते. आणि काळजी चेहऱ्यावर दिसली की सौद्यात आपली बाजू उणी पडते.

आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरची एक सदनिका काही वर्षे बंद होती. तिचे मालक पत्नीच्या निधनानंतर नाशिकला मुलाकडे राहायला गेलेले, पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. आम्ही दूरध्वनी केला तेव्हा ते सौजन्याने म्हणाले, “विकायचे आहे खरे, पण मला काही घाई नाही.” आपणही घर शोधत असाल, तर हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवा. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही आणि ज्याला पैशाची निकड नाही, तो केवळ वाढीव रकमेने हलत नाही. मध्यस्थाने ‘आणखी दोन लाख वाढवा’ असे सुचवले. आम्ही ते मानले नाही.

प्रथम आम्ही रकमेची मर्यादा ठरवली. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आसपासच्या नोंदलेल्या व्यवहारांची ‘सूची क्रमांक दोन’ पाहता येते. मागितलेल्या किमतीपेक्षा तिच्यातील आकडे अधिक बोलके असतात. त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क धरले. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. मग रक्कम, ताबा घेण्याची तारीख आणि प्रस्तावाची मुदत एका कागदावर लिहून पाठवली.

उत्तर आले नाही. तेव्हा यजमानांनी नाशिकला जाऊन किमतीचा विषय न काढता विचारले, “काका, ते घर सोडताना तुम्हाला सर्वांत जड काय जाईल?” काका बराच वेळ बोलले. पत्नीचे शिवणयंत्र, कपाटांतील तिच्या साड्या, ३५ वर्षांचा संसार. तो आवरायला पुण्याच्या खेपा घालण्याचे त्राण नव्हते. शेवटी म्हणाले, “घर विकले, की पुण्यात माझे म्हणून काही उरत नाही.” आम्ही ज्याला अनिच्छा समजत होतो, ते दुःख होते.

त्यानंतरचे चार महिने थांबण्यात गेले. या काळात घरातील वृद्धांची प्रकृती जपावी लागते. सासूबाई रोज संध्याकाळी विचारत, “आज फोन आला का?” आणि उत्तर ऐकून जेवण अर्धवट सोडत. म्हणून आम्ही तो विषय त्यांच्यासमोर काढणे थांबवले. काकांना पंधरा दिवसांतून एकदाच दूरध्वनी करायचा, असेही ठरवले. सोसायटीच्या परवानगीने जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवला आणि वाट अडणार नाही अशा बेताने प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवली. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला नियम सासूबाईंनी पाठ केला: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आठवड्यातून एकदा त्या अंगणापर्यंत पोहोचू लागल्या.

अशाच एका दुपारी त्या खुर्चीवर टेकून म्हणाल्या, “मला घर नावावर कशाला हवे गं? मला अंगण हवे.” खरेदी हा केवळ मार्ग होता. आम्ही काकांपुढे नवा प्रस्ताव ठेवला: घर तीन वर्षांसाठी लिव्ह अँड लायसन्स करारावर द्यावे, एक खोली त्यांच्या सामानासह त्यांच्याच कुलपात राहील, आणि विकायचे ठरले, तर पहिली विचारणा आम्हाला होईल. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, म्हणून त्यात सर्व अटी स्पष्ट लिहिल्या. काकांनी आठ दिवसांत होकार कळवला.

आपल्यावर अशी वेळ आली, तर बोलणी सुरू करण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: घरातल्या वृद्ध माणसाच्या दिवसात नेमके काय बदलायला हवे, ते कधीपर्यंत, आणि त्यासाठी जास्तीत जास्त किती रक्कम. मालकाला काय जड जाते, हे किमतीच्या आधी विचारा. विक्रेता किंवा खरेदीदार शारीरिक दुर्बलतेमुळे नोंदणी कार्यालयात येऊ शकत नसेल, तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमात गृहभेटीची तरतूद आहे. तिची चौकशी वेळीच करा. आणि होकाराची वाट पाहताना जिना सुरक्षित करण्याचे काम मात्र आजच हाती घ्या.

आमचा खरेदीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. काका दोन महिन्यांतून एकदा येतात, एखादे कपाट आवरतात, सासूबाईंच्या हातचा चहा घेतात आणि परततात. किमतीचा विषय निघत नाही. संध्याकाळी सासूबाई काठी टेकत फाटकापर्यंत जातात आणि भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात.