लमार खोऱ्यातील एक दिवस

याच विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेली आमची कन्या आज अमेरिकेतील मोंटाना राज्यात, बोझमन येथे संशोधन करते. गेल्या वर्षी उन्हाळी सुटीत आम्ही सहचारिणीसह तिच्याकडे गेलो होतो. मे महिना उजाडला होता, पंचांगाने वसंत होता. पण तेथे हिमवर्षाव अजून थांबला नव्हता. एके दिवशी पहाटेच तिने आम्हांला उठविले. "बाबा, कानटोपी घ्या. आज यलोस्टोनला जायचे आहे."

गार्डिनर गावाजवळ या राष्ट्रीय उद्यानाचे उत्तर प्रवेशद्वार आहे. तेथील भव्य दगडी कमानीची कोनशिला १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते बसविण्यात आली. हे उद्यान जनतेच्या हितासाठी व आनंदासाठी आहे, अशा आशयाचा लेख तिच्यावर कोरलेला आहे. तो वाचून आम्हांला समाधान वाटले.

पुढे लमार खोऱ्यात पोहोचलो, तेव्हा बर्फ भुरभुरत होता. रस्त्याच्या कडेला बायसनांचा कळप चरत होता. आपले अवजड मस्तक डावीकडून उजवीकडे हलवून ते बर्फ बाजूला सारीत आणि खालचे गवत खात. पाठीवर बर्फाचा थर साचलेला, तरी त्यांना त्याची फिकीर नव्हती. नारिंगी रंगाचे एक नवजात वासरू थरथरत्या पायांवर आईच्या आडोशाला उभे होते. बायसनांपासून किमान २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहण्याचा तेथे नियम आहे. म्हणून आम्ही गाडीतूनच पाहत राहिलो. एकेकाळी या खंडावर कोट्यवधी बायसन होते. बेसुमार शिकारीमुळे १९०२ साली या उद्यानात जेमतेम दोन डझन उरले होते. आजचे हजारोंचे कळप त्यानंतरच्या जतनाचे फळ आहे.

थोड्या अंतरावर काही मंडळी दुर्बिणी लावून उभी होती. एका वृद्ध गृहस्थांनी आमच्या सहचारिणीची उंची पाहून आपल्या दुर्बिणीची तिकाटणी खाली केली व हाताने खुणावले. समोरच्या उतारावर एक काळा लांडगा बर्फातून चालला होता. येथील लांडगे १९२६पर्यंत मारून संपविण्यात आले होते. पुढे १९९५ व १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडण्यात आले. माणसाने केलेली चूक माणूस काही अंशी दुरुस्त करू शकतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

दुपारी गाडीत बसून आम्ही थर्मासमधला चहा घेत होतो. तेव्हा कन्येने विचारले, "बाबा, हे उद्यान झाले तेव्हा इथे कोण राहत होते?"

आम्ही निरुत्तर झालो. १८७२ साली जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान निर्जन रानात स्थापन झाले, असेच आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. मग तिने सांगितले. या भूमीत माणसाचा वावर किमान ११ हजार वर्षांचा आहे. डोंगरमेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे शोशोनी समाजातील तुकुदिका लोक येथेच राहत. उद्यान झाल्यावर त्यांना राखीव वसाहतींत जावे लागले. वर, उष्ण पाण्याच्या कारंज्यांना भिऊन आदिवासी येथे येतच नसत, अशी दंतकथाही पसरविण्यात आली. उद्यानातील एका शिखराला डोन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचे नाव होते. १८७०च्या हत्याकांडात किमान १७३ पिगन ब्लॅकफीट मारले गेले, त्यात त्याचा सहभाग होता. मृतांमध्ये स्त्रिया, वृद्ध व मुलेच अधिक होती. २०२२ साली ते नाव काढून त्या शिखराला 'फर्स्ट पीपल्स माउंटन' असे नाव देण्यात आले.

परतताना ती कमान पुन्हा दिसली. 'जनता' या शब्दाने सकाळी समाधान झाले होते. आता प्रश्न पडला, कोणती जनता? महाडचे चवदार तळेही नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुले झालेलेच होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या लोकांसह जाऊन ते पाणी प्यावे लागले. हा इतिहास शिकविणाऱ्या आम्हांला दुसऱ्या देशातील तोच प्रश्न इतकी वर्षे सुचू नये, याची खंत वाटली.

मात्र तो प्रश्न आमच्या मुलीला सुचला. पाठ्यपुस्तकात कोण नाही ते आधी शोधा, असे याच विद्यालयाच्या वर्गात आम्ही सांगत असू. ते तिने लक्षात ठेवले. आम्ही विसरलो होतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमच्या सर्व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. तुमच्या जुन्या वहीत 'निर्जन रान' असे लिहिलेले असेल, तर ते आमच्या सांगण्यावरून लिहिलेले आहे. ते शब्द खोडा आणि तेथे तुकुदिका लोकांचे नाव लिहा. यंदाच्या जूनपासून आम्हीही वर्गात तसेच शिकवीत आहोत.