ओल्या वाळूचं माप

एक ब्रास वाळूचे टन किती? हा प्रश्न पूर्वी मला कुणी विचारला असता, तर मी झटकन उत्तर दिलं असतं : ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि कोरड्या वाळूचे ते सुमारे साडेचार टन. आता मात्र मी आधी विचारतो, "वाळू कोरडी की ओली?" हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

2014 साली दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं. मी शाळेत मराठी शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. गणित माझं मॅट्रिकपुरतं. पण गणिताचे मास्तर रजेवर गेले की घनफळाचा धडा मीच घेतो. त्या बळावर वाळूचा ट्रक दारात येताच टेप घेऊन मी हौद्यात चढलो. लांबी, रुंदी, उंची. दोन ब्रास बरोबर भरले. ट्रक चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. तो खाली उभा राहून हसत होता. ट्रक रिकामा होईपर्यंत थांबायला मला सवड नव्हती. शाळेची घंटा व्हायची होती.

गवंडी सव्वा घनफुटाच्या लाकडी खोक्यानं वाळू मोजून घेत. सिमेंटच्या पन्नास किलोंच्या एका पोत्याचं माप तेवढंच. मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होतो. दोनशे घनफुटांची 160 खोकी व्हायला हवीत. ऑक्टोबरच्या उन्हात वाळू खडखडीत वाळली, आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी ढीग संपला तेव्हा रेघा भरल्या 132! पस्तीस घनफूट वाळू गायब.

त्याच संध्याकाळी तो खडी घेऊन आला. चार मजुरांदेखत मी म्हणालो, "पस्तीस घनफूट कुठं उतरवलीस रे? घनफळ तुला शाळेतही जमलं नाही. चोरी मात्र जमली!" त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, खडी ओतली आणि पैसे न घेताच तो निघून गेला.

म्हातारा मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं थोडी वाळू ओलसर करून तेलाच्या रिकाम्या डब्यात काठोकाठ भरली आणि वरून पाणी ओतत राहिला. पाणी वर आलं, वाळू मात्र चांगली चार बोटं खाली बसली.

"गुरुजी, आता ही कुणी चोरली?"

ओलसर वाळूत प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर धरतो, आणि वाळू फुगते. बारीक असली तर पाव हिश्श्यानं, कधी त्याहूनही जास्त. पुरती वाळवा किंवा पाण्यात बुडवा, ती पुन्हा खाली बसते. म्हणजे टेपनं मी वाळूबरोबर वाराही मोजला होता. वजनावर घेतली असती, तर पाण्याचे पैसे मोजले असते!

घरी हे सांगितलं, तेव्हा सौभाग्यवती चिवडा ढवळत होत्या. "अहो, वाटीभर पोहे नि वाटीभर रवा यांचं वजन कधी एक असतं का? एवढ्यासाठी पोराला चोर ठरवलंत?"

पाडव्याला फराळाचा डबा घेऊन मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "चुकलो रे. घनफळ मलाच जमलं नाही."

तो खाली मान घालून म्हणाला, "मला ठाऊक होतं, गुरुजी. आमचं हे रोजचंच आहे. पण तुमच्यापुढं फळ्याशी उभं राहायची भीती अजून गेली नाही."

खडीचे पैसे त्यानं घेतले. तरी परतताना मला चैन पडेना. आरोप केला होता चार मजुरांदेखत, आणि चूक कबूल केली चार भिंतींच्या आत. हे माप काही बरोबर नव्हतं.

वाळूचा पुढचा ट्रक आला, तेव्हा तेच मजूर जमलेले पाहून मी तेच शब्द पुन्हा मोठ्यानं बोललो. मग टेप त्याच्या हातात दिली. तेव्हा कुठं तो पहिल्यासारखा हसला.