माझ्या कपाटातला खलनायक

‘छंद’ हा शब्द आपल्याकडे जरा जपूनच उच्चारावा लागतो. बायोडाटात ‘हॉबीज’च्या पुढे आपण सगळेच ‘रीडिंग, म्युझिक, क्रिकेट’ लिहून मोकळे होतो. आधीच्या पिढीचं बरं होतं. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रं... काहीही जमवलं तरी कौतुकच व्हायचं, कारण त्यातून म्हणे जनरल नॉलेज वाढतं! मी जे जमवतो त्यातून नेमकं काय वाढतं, हे आमच्या घरी अजून कुणाला कळलेलं नाही. मी एका व्हिडिओ गेममधल्या खलनायकाच्या फिगर जमवतो. एकाच खलनायकाच्या. आजमितीला चार झाल्यात.

महाशयांचं नाव सेफिरॉथ. गेमचं नाव ‘फायनल फँटसी सेव्हन’. जपानमधल्या स्क्वेअर कंपनीने ३१ जानेवारी १९९७ रोजी तो प्लेस्टेशनसाठी तीन सीडींवर आणला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. माझी ओळख झाली ती २०२० मध्ये आलेल्या त्याच्या नव्या अवतारातून. मग मागे जाऊन लॅपटॉपवर मूळ गेमही खेळलो. चौकोनी हातापायांची ती माणसं बघून आधी हसलो आणि नंतर रात्री जागवल्या.

इलेक्ट्रिकलवाल्यांनो, आता जरा इकडे लक्ष द्या. या गेममध्ये सगळ्यांवर सत्ता आहे ती कुठल्या राजाची नाही, एका वीज कंपनीची! शिनरा इलेक्ट्रिक पॉवर कंपनी. ती ग्रहाच्या पोटातली जीवनशक्ती रिअॅक्टरने उपसते आणि वीज बनवते. नुसत्या मिडगार शहराभोवती असे आठ रिअॅक्टर आहेत. कंपनीचं स्वतःचं सैन्य आहे आणि रिसर्च डिपार्टमेंटही आहे. सेफिरॉथ हे त्याच डिपार्टमेंटचं प्रॉडक्ट. परग्रहावरून आलेल्या जेनोव्हा नावाच्या जीवाच्या पेशी वापरून त्याला जन्माआधीच घडवलेलं. त्याला स्वतःला यातलं काहीच ठाऊक नाही. आईचं नाव जेनोव्हा, एवढंच सांगितलेलं. मोठा होऊन तो सैन्यातला हिरो होतो. गावोगावची पोरं त्याच्यासारखं व्हायची स्वप्नं बघतात.

मग एक दिवस त्याला निबेलहाइम नावाच्या डोंगराळ गावी पाठवतात. कशासाठी? तर तिथला रिअॅक्टर बिघडलाय म्हणून. म्हणजे चक्क साइट व्हिजिट! आत एका दारावर त्याला आईचं नाव कोरलेलं दिसतं. तिथून तो गावातल्या कंपनीच्या जुन्या वाड्यात जातो, तळघरातल्या लायब्ररीत शिरतो आणि दिवसेंदिवस कागद वाचत बसतो. बाहेर येतो तो गाव जाळायलाच.

गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी, की ज्या कागदांवरून त्याने हे ठरवलं त्यातला निष्कर्षच चुकीचा होता. जेनोव्हा ही त्या ग्रहावरच्या प्राचीन लोकांपैकी एक, असं संशोधकाला सुरुवातीला वाटलं होतं. ती तशी नव्हती, हे त्यालाही पुढे कळलं. सेफिरॉथने वाचला तो जुना रिपोर्ट. ‘मी त्या प्राचीन लोकांचा शेवटचा वारस आणि बाकी सगळे गद्दार’ असं मानून तो मोकळा झाला. त्याचे खरे आईबाप माणसंच होती. बाप तर त्याच कंपनीत होता, त्याच रिसर्च डिपार्टमेंटमध्ये! तो कधीच बोलला नाही.

हे कळलं आणि मी या गड्याच्या मागेच लागलो.

आता कलेक्शनकडे वळू. पहिला नग म्हणजे निन्टेन्डोचा ‘अमीबो’. १३ जानेवारी २०२३ रोजी बाजारात आला. त्याचा एकही सांधा हलत नाही, त्यामुळे कट्टर मंडळी त्याला अॅक्शन फिगर मानत नाहीत. पण बैठकीच्या आत एनएफसी चिप आहे. बॅटरी नाही, ५४० बाइट मेमरी, १३.५६ मेगाहर्ट्झ. फोन जवळ नेला की फोनला तो ‘दिसतो’. मायक्रोवाल्या मित्रांनी माझ्या रूमवर केलेला हा एकमेव अभ्यास.

दुसरा ‘ब्रिंग आर्ट्स’ मालिकेतला, साधारण वीतभर उंच. याची खरी शान म्हणजे तलवार. तिचं नाव मासामुने. जपानमधल्या एका जुन्या आणि फार नावाजलेल्या तलवार घडवणाऱ्याचं हे नाव. सेफिरॉथ ती डाव्या हाताने चालवतो आणि तिची लांबी त्याच्या उंचीपेक्षा जास्त. प्लास्टिकमध्ये एवढी लांब आणि बारीक वस्तू म्हणजे वाकायला निमंत्रणच. त्यात आमचं गाव चंद्रपूर! मे महिन्यात खिडकीत ठेवला आणि चार दिवसांत तलवारीची झाली कोयती. शुद्ध पीव्हीसी साधारण ८० अंशांना मऊ पडतं. त्यात प्लास्टिसायझर घातला असेल तर त्याच्या बरंच आधी. उपाय सोपा आहे. कडकडीत पाण्यात बुडवायची, हाताने सरळ करायची आणि तशीच धरून गार पाण्यात घालायची. आईची परात आणि माठातलं पाणी वापरून शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परातीबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही.

तिसरा जुना ‘प्ले आर्ट्स काई’. २००५ च्या ‘अॅडव्हेंट चिल्ड्रन’ सिनेमातलं रूप, एका बाजूला काळा पंख. माझा मावसभाऊ टोकियोला नोकरी करतो. तिथे नाकानो ब्रॉडवे नावाच्या इमारतीत जुन्या खेळण्यांची आणि कॉमिक्सची दुकानंच दुकानं आहेत. तिथून त्याने बिनखोक्याचा, एक जादा पंजा हरवलेला, म्हणून स्वस्तातला आणला. हाताला चिकट लागत होता. जुन्या पीव्हीसीतला प्लास्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतो, त्याचा हा चिकटपणा. सौम्य साबणाच्या पाण्याने धुतला की जातो. पंख मात्र छळतो. सगळं वजन एकीकडे, त्यामुळे पाय जरा चुकीचे ठेवले की साहेब आडवे. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये मोमेंट शिकलो, ती पटली या पंखामुळे!

चौथा नकली. फुटपाथवर मिळाला. साच्याची रेघ कपाळावरून गेलेली, डोळे तिरळे, गुडघे ढिले. माझा सर्वांत लाडका. त्याला कुणीही हात लावला तरी मला घाम फुटत नाही.

आपल्याकडे ही चीज महाग का, असं बरेच जण विचारतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. देशी खेळण्यांना त्याचा फायदाच झाला असेल. माझ्यासारख्याला मात्र मावसभावाच्या बॅगेतली जागा हाच आधार!

पण मूळ प्रश्न वेगळाच असतो. आजीने विचारला तसा : “अरे, ठेवायचा तर हिरो ठेव. हा जाळपोळ करणारा कशाला देवासारखा मांडून ठेवलायस?”

मी आजीला कर्ण सांगितला. १९६७ साली आलेलं ‘मृत्युंजय’ आमच्या घरात तिच्याच उशाशी असतं. जन्म लपवलेला, आई कोण ते ठाऊक नाही, पराक्रम मोठा आणि सत्य कळतं ते फार उशिरा. फरक एवढाच, की कर्णाला सत्य सांगायला कृष्ण आला, कुंती आली. जिवंत माणसं समोर बसून बोलली. ऐकून घेऊनही त्याने दिलेला शब्द पाळला. सेफिरॉथला सांगितलं ते कागदांनी. आजी बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कुणीतरी बसायला हवं होतं रे त्याच्याजवळ.”

हे वाक्य मला मागच्या सेमिस्टरला उपयोगी पडलं. आमच्या विंगमधल्या एका मित्राचा रिझल्ट लागला. तीन विषय गेले. पठ्ठ्याने दार लावून घेतलं. मेसला नाही, लेक्चरला नाही, फोन बंद. एक दिवस आम्हाला वाटलं, झोपला असेल. दुसऱ्या दिवशी मला ते तळघर आठवलं. आम्ही तिघं पोह्यांची ताटली घेऊन गेलो आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहिलो. उघडलं. पलंगावर मार्कशीटची प्रिंट पडलेली. “मी इंजिनिअरिंगचा नाहीच. घरच्यांना फसवतोय मी,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तीन विषय गेले हे खरं होतं. पण बाकीचं सगळं त्याने एका कागदावरून स्वतःच लिहून काढलं होतं. आम्ही कुठलाही उपदेश केला नाही. रात्रभर बसलो. सकाळी रेक्टर सरांना सांगितलं, तर तेही येऊन गादीवर मांडी घालून बसले. दुपारी सरांच्याच फोनवरून तो घरी बोलला.

पुढच्या आठवड्यात माझ्या रूमवर आला, कपाटासमोर उभा राहिला आणि स्टोरी विचारली. मी सांगितली. ऐकून म्हणाला, “याला कुणी पोहे नेऊन दिले असते तर तुझा गेमच झाला नसता यार.”

त्याचे दोन विषय निघाले, एक अजून आहे. नकली सेफिरॉथ सध्या त्याच्या टेबलवर असतो. ढिल्या गुडघ्यांमुळे उभा राहत नाही, म्हणून डिजिटलच्या पुस्तकाला टेकवून ठेवलाय.

उरलेले तीन माझ्याकडेच आहेत. कुणाला बघायचे असतील तर जरूर या, कुठल्याही वेळी या. पंखाला तेवढा हात लावू नका आणि तलवार उन्हात नेऊ नका. चहा मी पाजीन, कप मात्र आपापला आणा.