थिजलेला मध

डिसेंबरातल्या एका सकाळी फडताळातली मधाची बाटली थिजलेली दिसली. खाली फिकट, रवाळ थर आणि वर बोटभर पातळ मध. आई म्हणाली, "फसवलं तुला. साखरेचा पाक दिलाय."

ती बाटली मी मे महिन्यात महाबळेश्वरजवळच्या एका मधपाळाच्या अंगणातून आणली होती. सातेरी माश्यांच्या पेटीतून त्यांनी चौकटी काढल्या, मेणाची झाकणं सुरीनं हलकेच खरवडली, चौकटी यंत्रात फिरवल्या आणि खाली साठलेला मध फडक्यातून गाळला. फडक्यात मेणाचे कण राहिले, एखादा पंख राहिला. पराग मात्र मधाबरोबर खाली उतरले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे ते कण म्हणजे त्या रानाची हजेरी. कुठं जांभूळ, कुठं हिरडा, कुठं गेळा. जाणकार माणूस सूक्ष्मदर्शकाखाली पराग बघून मध कुठल्या झाडांवरचा ते सांगू शकतो.

कारखान्यात मध तापवतात, बहुधा 60 अंशांच्या पुढे, आणि दाब देऊन बारीक गाळण्यांतून काढतात. गाळणी जितकी बारीक, तितके पराग मागं राहतात. मग काचेसारखा स्वच्छ मध मिळतो, महिनोन्‌महिने पातळ राहतो. पण त्याला गाव विचारावं तर सांगता येत नाही. पोळ्यात माश्या 35 अंशांच्या आसपास ऊब राखतात. त्याहून कितीतरी जास्त आच लागली की सुवास उडतो, माशीनं मिसळलेली पाचक द्रव्यं दुबळी होतात. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती चवीची. जांभळाच्या मधाचा तो मागाहून जिभेवर येणारा कडवट तुरटपणा एकदा चाखला की नुसता गोड मध मुका वाटतो.

तापवण्यामागं कारण आहे, हेही खरं. सातेरीच्या मधात पाण्याचा अंश बराच असतो आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत असा मध आंबतो, फसफसतो. आच दिली की आंबवणारे जंतू मरतात. सगळेच मात्र मरत नाहीत. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू कच्च्या मधात असू शकतात आणि त्या आचेतही तगतात. म्हणून बाळाला मध चाटवायची आमच्या घरची रीत मी मोडली. वर्ष पुरं होईपर्यंत कुठलाच मध नाही.

आईला मी थिजण्याचं सांगितलं. मधातलं ग्लुकोज पाण्यात फार काळ विरून राहत नाही, पराग आणि मेणाचे बारीक कण सापडले की त्यांच्याभोवती त्याचे स्फटिक धरतात. 14 अंशांच्या आसपास हे सगळ्यात वेगानं होतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री त्याला पुरतात. मध थिजला म्हणून तो अस्सल ठरत नाही, आणि खोटाही ठरत नाही. पातळच हवा असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी करायची, गॅसवर चढवायची नाही.

आईनं कोमट पाणी केलंच नाही. चमच्यानं रवाळ मध उकरून तिनं भाकरीच्या पापुद्र्यावर पसरला, घास घेतला, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "तुरट लागतोय रे मागून."