करपा आणि पाव एकर जमीन

१/ भाद्रपदातील एका सकाळी मामा मला जुन्नर तालुक्यातील आपल्या टोमॅटोच्या प्लॉटवर घेऊन गेले. आठवडाभर ऊन पडले नव्हते. त्यांनी एक काळवंडलेले पान उलटून दाखवले. खाली पांढुरकी लव होती. “करपा,” एवढेच ते म्हणाले. चार-पाच दिवसांत सारा प्लॉट जळाल्यासारखा झाला.

२/ त्या रोगाचा इतिहास मी पुढे वाचला. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा जीव दिसतो बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. थंड, दमट हवेत त्याचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात आणि पावसाबरोबर मातीत उतरून बटाट्याचे कंदही नासवतात. १८४५ साली तो आयर्लंडमध्ये पोहोचला.

३/ तेथील गरीब कुळे जमिनीच्या लहानशा तुकड्यावर बटाटा पिकवीत आणि बहुतांशी त्यावरच जगत. त्यांचा मुख्य वाण एकच, ‘लंपर’. लागवड कंदापासून होत असल्याने रोपे एकसारखी आणि रोगापुढे सारखीच दुबळी. १८४६ साली जवळजवळ सगळे पीक गेले.

४/ मात्र त्याही काळात ओट, लोणी आणि गुरे बंदरांतून बाहेर जातच होती. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून रोज सुमारे ३० लाख लोक जेवले. म्हणजे लोकांना जगवणे शक्य होते. तरीही काही महिन्यांत ती छत्रे बंद झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्यास मदत नाकारली. अन्न हवे असेल तर जमीन सोडावी लागे.

५/ सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली; तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. रोगाचे कारण आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगांनी सिद्ध केले ते १८६१ साली.

६/ त्या वर्षी औषधांच्या दुकानाची उधारी फेडण्यासाठी मामांनी बैलजोडी विकली. मामी रात्री रडल्याचे मला आठवते. पण घरात बाजरी होती आणि जमीन कोणी मागितली नाही. रोग तोच होता. म्हणून आयर्लंडमधील माणसे कशाने मेली, या प्रश्नाला ‘करप्याने’ हे उत्तर मला अपुरे वाटते.